गाडी नेमकी कधी वाजते?

कल्याण-शीळ रस्त्यावरच्या डोंबिवलीजवळच्या मैदानाला लोक अजूनही ‘प्रीमियरचं मैदान’ म्हणतात. 1990च्या दशकात प्यूजो 309 ही गाडी प्रीमियरच्या इथल्या कारखान्यात बनत असे. कारखाना गेला, पण त्या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनची बांधणी रोज याच रस्त्यावरून धावते. मारुती 800, सँट्रो, वॅगन आर, स्विफ्ट या सगळ्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रटच आहेत: स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, वर माउंटिंग, खाली लोअर आर्म आणि त्याच्या टोकाला बॉल जॉइंट. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांच्या बहुतेक छोट्या गाड्यांचे आवाज एकाच घरातले असतात.

पावसाळ्यात हे आवाज जन्माला येतात. जॉइंटवरचा रबरी बूट फाटला की आत पाणी आणि चिखल शिरतो, ग्रीस धुऊन जाते आणि दिवाळीच्या सुमारास खटखट सुरू होते. मग मालक गॅरेजमध्ये जाऊन सांगतो, ‘डावीकडून आवाज येतो.’ या वाक्याचा फारसा उपयोग नसतो. पत्र्याच्या सांगाड्यातून आवाज फिरतो, उजवीकडचा डावीकडे ऐकू येतो. आवाज कोणत्या वेळी येतो, हे सांगितले तर निम्मे निदान तिथेच होते.

त्यासाठी ठाणे-डोंबिवलीचे रस्ते पुरेसे आहेत. पेव्हर ब्लॉकवरून हळू जाताना हलकी, सलग खडखड झाली तर संशय स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडवर किंवा त्याच्या बुशवर. स्पीडब्रेकर उतरताना एकच जड ‘धप्प’ झाले तर शॉकअप किंवा वरचे माउंटिंग. सिग्नलला ब्रेक दाबताना आणि पुन्हा निघताना एकेकदा ‘टक्’ होत असेल, तर लोअर आर्मचे बुश फाटलेले असण्याची शक्यता मोठी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जागच्या जागी स्टीअरिंग फिरवताना करकर झाली, तर स्ट्रटच्या वरचे बेअरिंग किंवा कोरडा पडलेला बॉल जॉइंट. पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना कटकट झाली, तर तो सस्पेन्शनचा दोषच नव्हे, एक्सलचा बाहेरचा जॉइंट गेलेला असतो. वेगाबरोबर वाढणारी घूंघूं व्हील बेअरिंगची. काँक्रीटच्या रस्त्यावर सांध्यासांध्यांवरून येणारा ठरावीक ठेका मात्र रस्त्याचा असतो, त्यासाठी पैसे खर्चू नयेत.

हे आवाज ऐकायला निघण्याआधी डिकी रिकामी करावी. सैल जॅक आणि हलणारी स्टेपनी हुबेहूब सस्पेन्शनसारखी वाजतात.

स्टीअरिंगची खटखट शोधायची सर्वांत चांगली रीत साधी आहे. गाडी चारही चाकांवर, सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. एकजण स्टीअरिंग डावी-उजवीकडे जेमतेम दोन बोटे हलवतो आणि दुसरा वाकून टाय रॉडच्या टोकावर तळवा ठेवतो. झिजलेला जॉइंट कानापेक्षा हाताला आधी कळतो: रॉड सरकतो, क्षणभर थांबतो आणि मग चाकामागच्या नकलला ठोकर देतो. तिथे काही नसेल तर हात स्टीअरिंगच्या रॅककडे न्यावा. चाक उचलून पाहायचे असेल तर गाडी स्टँडवर टेकवावी, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये. चाक आडवे धरून हलले तर टाय रॉड, उभे धरून हलले तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. दुसऱ्याने ब्रेक दाबताच ते हलणे थांबले, तर दोष बेअरिंगचा. कुरकुरणाऱ्या बुशवर थोडे पाणी मारावे. आवाज तात्पुरता गेला तर चोर सापडला. तिथे इंजिन ऑइल ओतू नये, त्याने रबर फुगून लवकर खराब होते.

अंदाजाने एकामागून एक पार्ट बदलत जाणे हा जुन्या गाडीवरचा सर्वांत महाग उपचार आहे. नवा पार्ट बसवण्यातही चुका होतात. लोअर आर्मचा बोल्ट गाडी वर टांगलेली असताना पक्का आवळला, तर गाडी खाली येताच बुशचे रबर पिळले जाते आणि ते लवकर फाटते. बोल्ट शेवटी, गाडीचा भार चाकांवर आल्यावरच आवळायला हवा. शॉकअप जोडीने बदलावेत. टाय रॉड बदलल्यावर अलाइनमेंट करून घ्यावे, नाहीतर नवे टायर एका कडेने खाल्ले जातात.

लिंक रॉड वाजत असेल तर महिना-दोन महिने निभावते. बॉल जॉइंट आणि टाय रॉड यांना मात्र एक दिवसही देऊ नये. बॉल निसटला तर चाक बाहेर कलंडते आणि स्टीअरिंग हातात असूनही गाडी वळत नाही. गायमुखच्या घाटात किंवा मुंब्रा बायपासच्या उतारावर अवजड ट्रकच्या मधोमध असे झाले, तर सावरायला जागा नसते.

म्हणून सुट्टीत गावाला निघण्यापूर्वी ही तपासणी कराच. आणि गॅरेजमध्ये काम झाल्यावर काढलेला जुना जॉइंट मागून घ्या, हातात धरून हलवून बघा. तो घट्ट असेल, तर खटखट अजून गाडीतच आहे.