रात्रीचा खोकला आणि सहरीनंतरची झोप

रमजानमध्ये अनेक घरांत रात्री खोकल्याची ढास लागते आणि दोष थंड सरबताला दिला जातो. मात्र इफ्तारची भजी-समोसे, तरावीहनंतरचे भरपेट जेवण आणि सहरी होताच घेतलेली झोप यांमुळे पोटातले आम्ल घशाकडे चढते. आडवे होताच खोकला उठतो. सर्दीचा घशात उतरणारा कफ, दमा, रक्तदाबाच्या काही गोळ्या हीही कारणे असतात. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

तळलेले कमी करावे. जेवण तरावीहपूर्वी उरकावे, सहरीनंतर लगेच आडवे होऊ नये, पलंगाची उशाकडची बाजू उंच ठेवावी. झोपताना मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि चमचाभर मध घ्यावा. वर्षाखालील बाळाला मध देऊ नये.

खोकला दोन आठवडे टिकला, ताप येऊ लागला, वजन घटले किंवा थुंकीतून रक्त पडले, तर काढ्यावर विसंबू नका. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. रोज्यासाठी उपचार लांबवू नका. आजाऱ्याने सुटलेले रोजे नंतर पूर्ण करावेत, ही सवलत कुरआननेच दिली आहे.