‘पॅशनेट’, ‘उत्कट’ आणि ‘राग’

इंग्रजी समीक्षेतील ‘पॅशनेट’ या विशेषणासाठी मराठीत बहुधा ‘उत्कट’ हा शब्द योजला जातो. व्यवहारापुरता तो पुरेसा असला, तरी दोन्ही शब्दांचे मूळ भिन्न आहे आणि समीक्षेच्या दृष्टीने तो भेद उपेक्षणीय नाही.

‘पॅशनेट’च्या मुळाशी ‘सोसणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. त्यापासून आलेले ‘पॅशन’ हे नाम इंग्रजीत आरंभी ख्रिस्ताच्या यातनांसाठी रूढ झाले. पुढे मनाला वश करणाऱ्या प्रबळ विकारांनाही ते लागू पडले. ‘पेशंट’ आणि ‘पॅसिव्ह’ हे त्याच कुळातील शब्द होत. त्यामुळे या विशेषणात भावनेच्या वेगाइतकेच माणसाचे परवशत्वही सूचित होते. ‘उत्कट’ची सिद्धी मात्र पाणिनी ‘उत्’ या उपसर्गाला ‘कट’ प्रत्यय लावून सांगतो. ‘प्रकट’ आणि ‘संकट’ ही त्याची भावंडे. हा शब्द मर्यादेपलीकडे चढलेली मात्रा सांगतो. ती सोसणाऱ्याविषयी काहीच सांगत नाही.

‘पॅशन’चा खरा आप्त ‘राग’ हा होय. ‘रञ्ज्’ म्हणजे रंगणे. मनावर चढलेला रंग तो राग, म्हणजे आसक्ती. येथेही मन रंगवले जाते, स्वतः रंगत नाही. मराठी व्यवहारात मात्र हाच शब्द क्रोधवाचक झाला. इंग्रजीतही असेच घडले: जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात ‘पॅशनेट’चा एक अर्थ ‘शीघ्रकोपी’ असा आहे.

जेथे मराठी आणि हिंदी एकाच घरात नांदतात, तेथे हे अर्थांतर विशेष जाणवते. भोसल्यांच्या अमलापासून मराठी कुटुंबांची वस्ती असलेले छत्तीसगड हा असाच प्रदेश. रायपुरात शिकलेले आणि तेथेच १९२६ साली निधन पावलेले माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी, लेखनभाषा हिंदी. ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेले. अशा अनुवादात ‘रागद्वेष’ जसाच्या तसा उतरतो. ‘राग आला’ येथे मात्र ‘क्रोध’ योजावा लागतो. अक्षरे तीच असूनही अनुवाद चुकत नाही, तो शब्दाचा प्रवास ठाऊक असल्यामुळेच.

समीक्षकालाही हेच अवधान हवे. भावनेची तीव्रता सांगावयाची असेल तेथे ‘उत्कट’ योग्य. कवी भावनेच्या अधीन झाला असेल तेथे ‘भावाविष्ट’ अधिक यथार्थ. दोहोंसाठी एकच शब्द वापरला, तर कवीने भावना पेलली की भावनेने कवीला ओढून नेले, हा मूल्यमापनातील मुख्य प्रश्नच विचारला जात नाही.