ब्रेस्ट पंप : घ्यावा का, केव्हा?

बाळंतपणाच्या खरेदीत आता ब्रेस्ट पंपही असतो. पण बाळ जन्मण्याआधीच तो आणण्याची घाई बहुतेक घरांत अनाठायी ठरते. बाळ अंगावर नीट पीत असेल आणि आई घरीच असेल, तर पंपावाचून अडत नाही. दूध दाटून आले, तर हाताने काढता येते. ती पद्धत रुग्णालयातच परिचारिकेकडून शिकून घ्यावी.

अपुऱ्या दिवसांचे बाळ अतिदक्षता कक्षात असेल, तर मात्र थांबू नये. पहिल्या काही तासांपासून, दर दोन-तीन तासांनी, रात्रीही दूध काढावे लागते. एरवी ते आटू लागते. रुग्णालयाचा पंप वापरता येतो का, हे आधी विचारावे.

नोकरदार मातांना २०१७ च्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. ती पूर्ण मिळत असेल, तर रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी पंप घेणे पुरेसे. कार्यालयात दार लावता येईल अशी खोली व फ्रिज नसेल, तर महागडा पंप कपाटातच राहतो. काढलेले दूध २५ अंशांपर्यंत सुमारे चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. मुंबईच्या उन्हाळ्यात, लोकलच्या गर्दीत, बर्फाच्या पिशवीविना त्याचा भरवसा धरू नये.