वीज उतरली, माल अडला : भूतानची साठ वर्षे

1958 साली पंडित नेहरू भूतानला गेले, तेव्हा भारतातून तिकडे मोटारीने जाण्याजोगा रस्ताच नव्हता. सिक्कीममधून नथू ला ओलांडून तिबेटच्या चुंबी खोऱ्यात उतरायचे आणि तिथून पारो गाठायचे, असा तो घोड्यावरचा कित्येक दिवसांचा प्रवास होता. 1961 मध्ये भूतानची पहिली पंचवार्षिक योजना आली. तिचा सगळा पैसा भारताचा होता आणि त्यातला मोठा वाटा रस्त्यांवर गेला. सीमा रस्ते संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पाने डोंगर फोडले आणि 1962 मध्ये सीमेवरचे फुंटशोलिंग राजधानी थिंफूला जोडले गेले.

समुद्र नसलेल्या या देशात त्यानंतर उद्योगासाठी जे काही उभे राहिले, त्याचा हिशेब एका गोष्टीवरून लागतो. वीज तारेवरून जाते. तिला बंदर लागत नाही, ट्रक लागत नाही, दरड कोसळली तरी ती घाटात खोळंबत नाही. मालाचे तसे नाही. म्हणूनच भूतानने जगाला विकण्यासारखी पहिली मोठी वस्तू तयार केली, ती वीज होती.

1974 मध्ये चुखा प्रकल्पाचा करार झाला. वांगछू नदीवरचा 336 मेगावॅटचा हा प्रकल्प 1986 ते 1988 या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. खर्चाचा साठ टक्के भाग भारताने अनुदान म्हणून दिला, चाळीस टक्के कर्ज म्हणून. भूतानची गरज भागवून उरलेली वीज भारतच विकत घेणार होता, म्हणजे गिऱ्हाईकही आधीच ठरलेले. याच वाटेने पुढे 1020 मेगावॅटचा ताला प्रकल्प 2006-07 मध्ये उभा राहिला. त्याची वीज उत्तर भारतापर्यंत नेण्यासाठी मुंबईच्या टाटा पॉवरने पॉवर ग्रिडबरोबर भागीदारीत 1166 किलोमीटरची वाहिनी टाकली. 2019 मध्ये 720 मेगावॅटचे मंगदेछू आले आणि भूतानची स्थापित क्षमता सुमारे 2300 मेगावॅटवर गेली. जेमतेम पावणेआठ लाख वस्तीच्या देशासाठी हा आकडा थक्क करणारा आहे. दूरच्या दऱ्याखोऱ्यांतल्या घरांतही दिवा लागला, आणि माझ्या मते या साऱ्या काळातली ही सर्वांत मोठी कमाई.

स्वस्त विजेमागे कारखाने आले, पण कोणते? फुंटशोलिंगजवळच्या पासाखा वसाहतीत कॅल्शियम कार्बाइड आणि फेरोसिलिकॉनच्या भट्ट्या पेटल्या. वीज भरपूर खाणारे, माणसे थोडी लावणारे हे धंदे सीमेला चिकटून बसले, कारण वर थिंफूकडे माल चढवायचा आणि पुन्हा खाली आणायचा खर्च कोणालाच परवडत नाही. पावसाळ्यात थिंफूच्या रस्त्यावर सोर्चेनच्या आसपास डोंगर खचला की ट्रकांची रांग लागते. 2002 मध्ये परकीय गुंतवणुकीचे धोरण आले, 2010 मध्ये ते सुधारले. तरी डोंगरात आत जो बाहेरचा पैसा शिरला, तो बराचसा अमनकोरासारख्या महागड्या हॉटेलांत. पाहुणा पारोच्या विमानतळावर उतरतो, त्याला घाट चढावा लागत नाही.

विजेचे गणितही वाटले तितके सोपे निघाले नाही. हे प्रकल्प नदीच्या वाहत्या पाण्यावर चालतात, मोठा साठा करत नाहीत. हिवाळ्यात नद्या आटतात, नेमक्या त्याच वेळी भट्ट्या आणि घरांतले हीटर वीज मागतात आणि विजेवर जगणारा देश भारताकडून वीज विकत घेतो. कर्जाच्या अटीही कडक झाल्या. चुख्यात साठ टक्के असलेले अनुदान मंगदेछूपर्यंत तीस टक्क्यांवर आले आणि कर्जावरचे व्याज दहा टक्क्यांवर गेले. 1200 मेगावॅटच्या पुनात्सांगछू-1 चे काम 2008 मध्ये सुरू झाले, पण 2013 मध्ये धरणाच्या जागी उजव्या काठाचा डोंगर सरकला आणि वर्षामागून वर्षे त्याला सावरण्यात गेली. व्याज मात्र थांबले नाही. धरणांचे सामान भारतातून आणता आणता 2012 मध्ये भूतानकडे भारतीय रुपयांचीच चणचण झाली. एवढी किंमत मोजून उभारलेल्या विजेचा काही भाग अलीकडे सरकारी कंपनीने बिटकॉइन काढणाऱ्या यंत्रांना दिला. तेही तारेवरूनच येणारे उत्पन्न.

नोकऱ्या मात्र तारेवरून येत नाहीत. शिकलेली तरुण मुले ऑस्ट्रेलियाची वाट धरू लागली, तेव्हा राजे जिग्मे खेसर यांनी डिसेंबर 2023 मध्ये दक्षिणेच्या सपाट पट्टीत, आसामच्या सीमेवर गेलेफू येथे नवे शहर वसवण्याची घोषणा केली. जागेची निवड मला सर्वांत बोलकी वाटते, कारण इथे घाट चढायचाच नाही. 2025 मध्ये कोक्राझार ते गेलेफू या 69 किलोमीटरच्या रेल्वेमार्गाची घोषणा झाली, आणि बनरहाट–समत्से हा दुसरा छोटा मार्गही ठरला. भूतानमध्ये आजवर रेल्वेचा रूळ पडलेला नाही. तो पडला, तर पहिल्यांदाच तिथल्या कारखानदाराला आपली जागा ठरवताना फुंटशोलिंगच्या एका फाटकाचा विचार करावा लागणार नाही. हिवाळ्यातली वीज कुठून आणायची, हे त्यालाही आधीच ठरवावे लागेल.