वॅगनवरचे अकरा आकडे

खानदेशातल्या जुन्या रेल्वे कंपन्यांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. अशा लेखासाठी माणूस भुसावळ जंक्शन गाठतो. मी तिथून पुढे वरणगावच्या रस्त्याने दीपनगरला गेलो. कंपन्या गेल्या, पाट्या बदलल्या. पण एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर बिनबोभाट कसा चालतो, हे कोळशाच्या मालगाडीइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही.

दीपनगरच्या औष्णिक केंद्रात 500 मेगावॅटचे दोन संच आहेत, आता 660 चा नवाही आला आहे. पाणी तापीचं, हतनूर धरणातलं. कोळसा मात्र रेल्वेने येतो. साधारण 58 वॅगनींचा एक रेक म्हणजे चार हजार टनांच्या आसपास कोळसा. पूर्ण भारावर चालणाऱ्या 500 मेगावॅटच्या एका संचाला दिवसाला असे जवळपास दोन रेक लागतात.

रेक साइडिंगला लागला की वॅगन सोडवणाऱ्या कामगाराचं काम सुरू होतं. दोन वॅगनींमधला कपलर म्हणजे एकमेकींत अडकलेल्या दोन लोखंडी मुठी. तो बाजूची दांडी उचलतो, आतली खीळ वर सरकते, मूठ सैल होते. सुटी झालेली वॅगन टिपलरवर जाते. यंत्र तिला घट्ट आवळून धरतं आणि रुळासकट उलटी करतं. कोळसा खालच्या हॉपरमध्ये धडधडत कोसळतो, रिकामी वॅगन सरळ होऊन पुढे ढकलली जाते, मागची तिच्या जागी येते. पावसाळ्यात ओला चुरा तळाला चिकटून बसतो आणि काम रखडतं. वेळेचं घड्याळ चालूच असतं. ठरलेल्या तासांत रेक मोकळा झाला नाही तर डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड बसतो. त्यामुळे वॅगन कोणत्या झोनची, हे इथे कोणी विचारत नाही. दांडी उचलते की नाही, एवढंच बघतात.

झोन मात्र वॅगनीवर लिहिलेला असतो. अकरा आकड्यांपैकी पहिले दोन वॅगनीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यानंतरचे दोन बांधणीचं वर्ष. मग चार आकडी अनुक्रमांक आणि शेवटी पडताळणीचा एक आकडा. रेकच्या कडेने चालत गेलं की तिसरा-चौथा आकडा बदलत जातो. मालक वेगवेगळे, गाडी एक.

हे सहज घडलेलं नाही. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, 1860 च्या दशकात भुसावळला आली. 1867 मध्ये तिने नागपूर गाठलं, 1870 मध्ये खंडव्यावरून जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेशी रूळ जोडला. 1900 मध्ये चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला. त्याच वर्षी सुरतेहून नंदुरबार, अमळनेर करत ताप्ती व्हॅली रेल्वे जळगावला पोहोचली. कंपनी स्वतंत्र, पण गाड्या चालवायची बीबीसीआय, म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. परक्या वॅगनीचं भाडं किती, मोडतोड झाली तर भरपाई कोणाकडून, असले तंटे ठरलेलेच. ते मिटवणारे सामाईक नियम करण्यासाठी 1902 मध्ये इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशन स्थापन झाली. अकरा आकड्यांच्या मागे ही सगळी घासाघीस आहे.

5 नोव्हेंबर 1951 रोजी जीआयपी, निजाम, शिंदे आणि धोलपूर संस्थानांच्या रेल्वे मिळून मध्य रेल्वे झाली. त्याच दिवशी बीबीसीआयसह इतरांची पश्चिम रेल्वे झाली. कंपन्या संपल्या, खानदेशातली हद्द तिथेच राहिली. जळगाव स्टेशन मध्य रेल्वेचं, भुसावळ विभागातलं. त्याच जिल्ह्यातलं अमळनेर पश्चिम रेल्वेचं, मुंबई सेंट्रल विभागातलं. आधी दोन कंपन्यांची सीमा होती, आता दोन झोनची आहे. कोळशाला ती जाणवत नाही, कारण दोन्हीकडे रूळ 1,676 मिलिमीटरचा आहे.

पाचोरा-जामनेरच्या पीजेला ही सोय नव्हती. 56 किलोमीटरची ही लाइन 762 मिलिमीटर रुंदीची. व्यवस्थापन एक झालं तरी पीजेचा डबा पाचोऱ्याच्या मुख्य रुळावर चढणार नव्हता. जामनेरहून रुळाने आलेला माल तिथे उतरवून पुन्हा भरायचा. 2020 च्या टाळेबंदीत गाडी थांबली. तिचं ब्रॉडगेज करून जामनेरपासून बोदवडपर्यंत वाढवायची, एकूण 84 किलोमीटर, असं ठरलं आहे. बोदवड नागपूर मार्गावर आहे. लाइन झाली तर नाशिकजवळच्या एकलहऱ्याला जाणारा कोळसा भुसावळची गर्दी टाळून थेट पाचोऱ्याला निघू शकेल.

खरी काळजी या 'झाली तर'ची आहे. धुळ्याचंच पाहा. फाटा 1900 चा, पण धुळ्याला रूळ संपतो तो संपतोच. बोरविहीर-नरडाणा मार्ग झाला की धुळे ताप्तीच्या लाइनला, म्हणजे पश्चिम रेल्वेला जोडलं जाईल. धुळ्यावरून जाणाऱ्या 309 किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गाला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. खर्च 18,036 कोटी, मुदत 2028-29. जळगाव-मनमाड चौथ्या आणि भुसावळ-खंडवा तिसऱ्या-चौथ्या लाइनचीही मंजुरी त्याच वर्षाच्या नोव्हेंबरातली. मंजुरीनंतर मोजणी, भूसंपादन, मोबदला, पूल, बोगदे आणि दरवर्षीची तरतूद. तोवर माल ट्रकची सवय लावून घेतो, आणि ती सवय मोडणं रूळ टाकण्यापेक्षा अवघड.

1951 ला कंपन्या एका आदेशाने एक झाल्या. तेवढ्यावर खानदेशचं समाधान होण्याचं कारण नाही. जामनेरचा कापूस एकदाच भरून, मध्ये न उतरवता सुरतेला पोहोचेल, तेव्हा हे विलीनीकरण जामनेरपुरतं पूर्ण झालं म्हणायचं.