खाडीतलं पीक

पांढुर्णा आणि सौसर तालुक्यांत कालवं (ऑयस्टर) मिळत नाहीत. जाम आणि कन्हान या गोड्या पाण्याच्या नद्या. त्यांच्या रेतीत शिंपल्या सापडतात. पण कालवाला लागणारं निमखारं पाणी इथून फार दूर, कोकणातल्या खाड्यांत. तरीही कालवं पाळणाऱ्या बायांबद्दल इथल्या वाचकांसाठी लिहावंसं वाटलं. बगीचा फुलोऱ्यावरच व्यापाऱ्याला देऊन टाकावा लागणाऱ्या आपल्याकडच्या संत्रा उत्पादकाला त्यांची अडचण लगेच समजेल. माल नाशवंत आणि भाव दुसऱ्याच्या हातात.

कोकणात कालवं काढण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी लांबवर जाते, खडक उघडे पडतात, आणि बाया कोयती नि डबा घेऊन उतरतात. खडकाला चिकटलेल्या कालवाचं वरचं शिंपलं कोयतीच्या टोकाने फोडायचं, आतला मऊ गर न फाटता उचलून डब्यात टाकायचा, पुढच्या कालवाकडे वळायचं. शिंपल्यांच्या कडा धारदार असतात. पाय चिरतात, बोटं कापतात. भरती फिरेपर्यंत वेळ मिळतो तेवढाच. तासन्‌तास कंबरेत वाकून काढलेला गर बाजारात वाट्यावर विकला जातो, आणि गिऱ्हाईक त्यातही घासाघीस करतं. हे पाहून मन विषण्ण होतं.

कालवाचं पिल्लू पहिले दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं, मग टणक जागा शोधून तिला चिकटतं आणि पुन्हा जागा सोडत नाही. शेतीचं सगळं तंत्र या सवयीवर उभं आहे. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने हे तंत्र सत्तरच्या दशकात तुतिकोरिनला बसवलं. कालवांचीच रिकामी शिंपली धुऊन, वाळवून, मधोमध भोक पाडायचं आणि नायलॉनच्या दोरीत पाच-सहा शिंपली अंतराअंतरावर ओवायची. खाडीत बांबू रोवून मांडव बांधायचा आणि या माळा त्यावरून पाण्यात सोडायच्या. पिल्लं धरण्याचा मोसम नेमका साधावा लागतो. माळा आधी टाकल्या तर शिंपल्यांवर गाळ नि शेवाळ बसतं आणि पिल्लं चिकटत नाहीत. उशीर झाला तर पिल्लंच उरत नाहीत. पुढे सात-आठ महिने राखण. खेकडे कोवळी कालवं फोडून खातात, चिखल साचला तर ती गुदमरतात. आणि पावसाळ्यात नदीचा लोंढा आला की पाण्याचा खारटपणा एकदम उतरतो, म्हणून पीक त्याआधी काढून घ्यावं लागतं.

खाद्याचा खर्च मात्र शून्य. कालव पाणी गाळतं आणि त्यातले सूक्ष्म जीव खाऊन वाढतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं प्रौढ कालव अनुकूल पाण्यात दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं. पण गाळणाऱ्याच्या पोटात पाण्यातलं सगळंच जातं. वरच्या गावाचं सांडपाणी खाडीत आलं तर त्यातले रोगजंतूही जातात. म्हणून विकण्याआधी कालवं स्वच्छ, निर्जंतुक केलेल्या पाण्यात साधारण दिवसभर ठेवून धुवावी लागतात. अशी सोय जवळ असेल तरच हॉटेलवाला जिवंत कालव घेईल. नाहीतर सोललेला गर, तोच वाटा आणि तोच भाव. आणि गर तरी किती? कालवाच्या एकूण वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा. बाकी शिंपलं.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये खाडीकाठचं खारफुटीचं जंगल राखणारा वनविभागाचा कांदळवन कक्ष सुरू झाला. २०१७ च्या कांदळवन संरक्षण व उपजीविका योजनेत कालवं, शिंपले, खेकडे यांच्या पालनासाठी बचतगटांना ९० टक्के अनुदान मिळू लागलं. गटाने १० टक्के घालायचे. सिंधुदुर्गातल्या गटांनी मांडव उभे केले. जंगल राखणाऱ्याला त्या जंगलातून कमाई व्हावी, हा विचार मला मोलाचा वाटतो. पण बांबू आणि दोरी अनुदानात येते. गिऱ्हाईक येत नाही. केरळची वाट अधिक पुढे गेलेली दिसते. कोल्लमच्या अष्टमुडी तलावात नि कासरगोड जिल्ह्यातल्या पडन्नाला नव्वदच्या दशकात बायांच्या गटांनी कालवं-शिंपल्यांची शेती उचलली, तेव्हा संशोधन संस्था शेजारी उभी होती आणि शिंपले खाणारं गिऱ्हाईक गावोगाव होतं.

गिऱ्हाईक मिळालं तरी कालवांवरच्या रोगाची धास्ती उरतेच. ती श्रीमंत देशांनाही चुकलेली नाही. २००८ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर एका विषाणूने कोवळ्या कालवांचा मोठा संहार केला होता.

आपल्या भागात कालवं नसली तरी शेततळ्यात मोती पिकवण्याची चर्चा अधूनमधून होते. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या पोटात मणी बसवायचा, जखम भरेपर्यंत जपायचं, मग जाळीच्या पिशव्यांतून पाण्यात टांगून वर्ष-दीड वर्ष थांबायचं. भुवनेश्वरची केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंस्कृती संस्था याचं प्रशिक्षण देते. शिकायचं तर तिथे शिकावं. ‘मोती आम्हीच विकत घेऊ’ असा लेखी वायदा देऊन आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहावं. सगळ्या शिंपल्या जगत नाहीत, जगलेल्या सगळ्या मोती देत नाहीत, आणि दिलेला प्रत्येक मोती गोल नि चमकदार नसतो.

कोकणातल्या बाईचा प्रश्न याहून कठीण आहे. शेततळं निदान आपल्या नावावर असतं. खाडी सरकारची, तिथे तिच्या नावावर ना सातबारा, ना आपल्याकडचा खसरा. वर कुणी गटार सोडलं, गाळ उपसून टाकला, तर मरतं तिचं पीक. म्हणून अनुदानाआधी तिला खाडीच्या ठरावीक तुकड्यावर अनेक वर्षांचा लेखी हक्क मिळायला हवा. कालवं धुण्याची टाकी तालुक्याच्या गावी हवी, पाण्याची तपासणी दर महिन्याला व्हायला हवी, आणि तपासणीचे आकडे तिच्या गटाच्या हाती द्यायला हवेत.