धूर कुणाचा आणि भोग कुणाला?

आमच्या शेजारच्या गल्लीत एक मावशी राहतात. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी दोन मुलांना शिकविले. गेल्या वर्षी त्यांना खोकला लागला. जवळच्या एका दवाखान्यात थुंकी न तपासताच टी.बी.च्या गोळ्या सुरू झाल्या. पाच महिने गेले. खोकला थांबला नाही, उलट आवाज बसला, अंग वाळले. शेवटी आम्ही कचेरीतून रजा काढून त्यांना मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले. छातीचा फोटो, सीटी स्कॅन, मग दुर्बिणीतून तुकडा काढून तपासणी, आणि फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. मावशींनी आम्हाला एकच विचारले, "भाऊ, मी जन्मात बिडीला हात लावला नाही. मग मला हा रोग कसा?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. आम्ही पडलो कॉमर्सचे. पुढे डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिला गुन्हेगार तंबाखूचा धूरच. लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली रुग्णालयांतील रोग्यांची चौकशी करून हे दाखवून दिले. रस्त्याच्या डांबराचा दोष असावा असा डॉल यांचा आधी अंदाज होता. आकडे पाहिल्यावर त्यांनी स्वतः सिगारेट सोडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातील फुप्फुसाच्या कॅन्सरपैकी सुमारे ८५ टक्के धूम्रपानामुळे होतात.

आपल्याकडे बिडीची बाजू घेणारे पुष्कळ. पानाची असते, तंबाखू थोडी असते, म्हणून ती बाधत नाही म्हणे! खरे उलटे आहे. टेंभुर्णीच्या पानातून हवा नीट खेळत नाही, बिडी विझते, म्हणून झुरके जास्त आणि जोराने मारावे लागतात. डांबरासारखा चिकटा त्याबरोबर आत जातो.

आता मावशींचा प्रश्न. काका रात्रपाळीचे वॉचमन. दहा बाय बाराची खोली, पावसाळ्यात दार बंद, आणि आत रोज बिडीचे एक बंडल. जपानमध्ये ताकेशी हिरायामा या शास्त्रज्ञाने (नाव आमच्याही तोंडात नीट बसत नाही) स्वतः न ओढणाऱ्या ९० हजारांहून अधिक विवाहित बायकांची १४ वर्षे नोंद ठेवली. १९८१ साली निष्कर्ष छापला. ज्यांचे नवरे खूप सिगारेटी ओढत, त्या बायकांना हा कॅन्सर जास्त झाला होता. ओढणारा एक, पण खोलीतले सगळेच ओढतात.

शिवाय मावशी लग्नाआधी गावी चुलीपुढे बसत. चीनच्या युनान प्रांतात घरात दगडी कोळसा जाळणाऱ्या, विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांत हा रोग फार आढळला. चुलींना धुराडी बसविल्यावर प्रमाण उतरले. लाकडाच्या धुराबद्दलही शास्त्रज्ञांना दाट संशय आहे. गाड्यांचा डिझेलचा धूर आणि शहरातली दूषित हवा यांचा तर कॅन्सरच्या कारणांत समावेश झालेला आहे.

आमच्या नाका कामगारांनी पुढचे नीट वाचावे. अ‍ॅस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे कापताना, फोडताना जी धूळ उडते, तिच्यातले बारीक तंतू फुप्फुसात रुततात. रोग उमटायला वीस-तीस वर्षे लागतात, तोवर मुकादमही आठवत नाही. असा माणूस बिडीही ओढत असेल तर धोका कितीतरी पटींनी चढतो. खडी क्रशर आणि सँडब्लास्टिंगची धूळही तशीच वाईट. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे झालेला फुप्फुसाचा कॅन्सर कायद्याच्या यादीत व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेला आहे आणि त्याची भरपाई मागता येते. पण केसपेपरवर जुने काम लिहून घेतले पाहिजे, आणि हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी जपून ठेवली पाहिजे. आम्ही कारकून, म्हणून हे मुद्दाम सांगतो. कागद नसला की दावा लंगडा पडतो.

टी.बी. होऊन गेलेल्या फुप्फुसालाही हा धोका थोडा अधिक असतो. तीन आठवड्यांवर खोकला, थुंकीत रक्त, बसलेला आवाज, घटणारे वजन, यांपैकी काही असेल तर आधी थुंकी तपासून घ्यावी. टी.बी.च्या गोळ्यांनी उतार पडत नसेल तर गोळ्या वाढवून मागू नयेत, पुढची तपासणी मागावी. मावशींचे पाच महिने तिथेच गेले.

बिडी सोडणाऱ्याचा धोका दहा वर्षांत ओढत राहणाऱ्याच्या सुमारे निम्म्यावर येतो. सोडण्यासाठी मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ हा सरकारी फोन फुकट आहे.

एकाच रोग्याच्या बाबतीत नेमके कोणते कारण, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. यातले काहीच नसताना रोग झालेलेही असतात. मावशींना आम्ही चुलीचे सांगितले, गाड्यांच्या धुराचे सांगितले. काका समोरच बसले होते, त्यांच्या बिडीचे नाव काढायला आमची जीभ रेटेना. मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या, बोलल्या काही नाहीत. त्यांची केमोथेरपी चालू आहे. काका आता बिडी ओढायला गल्लीच्या तोंडाशी जातात. पूर्ण सुटलेली नाही.